शंभरात सत्तावन्न

बामणोलीच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीतून
गजराबाई संकपाळ पुढे, मी मागे.
माझ्या हातात कागदी पिशव्या आणि पेन्सिल,
तिच्या हातात विळा.
"ही खायची," वारुळावरच्या पांढरीला ती म्हणाली.
"ही दोन पाण्यांत उकडून," आंब्याच्या ओंडक्यावरच्या खवलीला.
"आन् ही," पायाने ढोसून, धूर उडवत,
"ही पोरांची."
वर्गीकरण संपलं.
मला अजून साताऱ्याची शेवटची बस गाठायची होती.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या जिन्याखालची खोली,
पूर्वी तिथे क्रिकेटच्या चटया असायच्या.
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खलात घोटला,
गार अल्कोहोलात नळी हलकेच तिरकी केली
आणि वर आला पांढरा धागा,
लोणच्यावरल्या बुरशीपेक्षाही विरळ.
यंत्राने तो पस्तीस वेळा तापवला, पस्तीस वेळा निववला.
मधे एकदा वीज गेली. सगळं पुन्हा.
नळ्या कुरिअरने पुण्याला.
दिवाळीच्या आसपास अक्षरं आली.

चारच अक्षरं. ना काना, ना मात्रा.
साडेसहाशेंची एक ओळ, श्वास घ्यायला जागा नाही.
आणि मधेच कुठेतरी एन.
एन म्हणजे यंत्राला वाचता आलं नाही.
मला हे अक्षर आवडतं.
आमच्या विभागात ते कुणी तोंडाने उच्चारत नाही.

ओळीखाली ओळ लावत गेले.
एखादीचं अक्षर गळालेलं असेल तिथे आडवी रेघ द्यायची,
पंगतीत न आलेल्याचा पाट मांडून ठेवावा, तशी.

मग पडद्यावर झाड उमटलं,
आडवं पडलेलं, पानांच्या जागी नावं.
खवलीला छत्री आहे, छत्रीखाली कल्ले आहेत,
पण तिची भावकी त्या टणक फळीशी
जी वडाच्या खोडात रुतून बसते,
जिला कल्लेच नाहीत, नुसती सुईच्या टोकाएवढी भोकं.
आणि पोरांचा तो धुराचा चेंडू,
ना देठ ना छत्री,
निघाला अळंबीच्या घरातला.
इतकी वर्षं आपण कल्ले बघून आडनावं दिली.
छत्री तर पुन्हा पुन्हा सुचलेली,
वेगवेगळ्या घरांना, एकमेकांना न विचारता.
पाऊस एकच असल्यावर काय करणार.

मार्गशीर्षात परत गेले, कागदाची गुंडाळी घेऊन.
गजराबाई नाचणी पाखडत होती.
सूप खाली ठेवून तिने झाड मांडीवर पसरलं.
"मुळं कुठं हायत?"
"डावीकडे."
बोट फिरवत ती एका फाट्याशी थांबली:
वारुळावरच्या दोन पांढऱ्या,
ज्या ती एकाच भांड्यात शिजवते.
फाट्यावर आकडा होता, सत्तावन्न.

मी सांगितलं: तीच अक्षरं ढवळून शंभरदा झाड काढलं,
सत्तावन्न वेळा या दोघी शेजारी बसल्या.
"आन् बाकीच्या टायमाला?"
"दुसऱ्यांच्या घरी."

ती हसली नाही. धरणाकडे बघून म्हणाली,
पाणी चढलं तेव्हा यादी करायला साहेब आले,
एक घर स्वतःला संकपाळ म्हणवून सोलापूरकडं गेलं.
सासू म्हणायची आपलेच. सासरे म्हणायचे छे.
दोघंही गेले, आता विचारायचं कुणाला.
"लग्नाची पत्रिका येती. आमी जातो.
जेवायला बसवत्यात."

पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.
सूप पुन्हा हलायला लागलं, फोलपटं अंगणभर.

कागद तिने ठेवून घेतला, घडी उलटी घालून.
बसमध्ये कासच्या वळणावर पिशवी कलंडली,
तिने दिलेल्या वाळवणाच्या पुड्या मांडीवर आल्या,
पाच की सहा, वेगवेगळ्या वासाच्या.
एकीवरही नाव नव्हतं.